टोकन सात हजर

३ जुलै २००३, मंचर

"पुन्हा बाहेर जा आणि पुन्हा आत ये," मी म्हणालो.

भिका बाहेर गेला. चप्पल घातल्याचा आवाज आला, मग काढल्याचा. तो अनवाणी आत आला.

"चप्पल काढायची नाही."

"आत येताना?"

"ऑफिसात तसंच यायचं. पायात बूट आहेत असं समज."

"बूट असते तरी काढले असते की, गेनभाऊ."

"सर म्हण."

"काढले असते की, सर."

चौथ्या खेपेला तो चप्पल घालून आला, पण मुलाखतभर चपलांकडेच बघत राहिला. दुपारपर्यंत बारा उमेदवारांचा हाच सराव चालला. खालच्या खताच्या दुकानदाराने माणूस पाठवून विचारलं, वर दार मोडलंय का.

पुण्याच्या शिबिरात ट्रेनर म्हणाले होते, माणूस नोकरीत शिरत नाही, आधी दारातून शिरतो. तिथे ते पटलं होतं. इथे दार एक आणि माणसं बारा असल्यामुळे थोडं कमी पटलं.

नमस्काराचंही बघावं लागलं. भिकाचा रामराम चालवून घेतला, जुनी सवय आहे. रविंद्र मात्र जय भीम म्हणाला. ते प्रोफेशनल वाटेना. त्याच्याकडून गुड मॉर्निंग घोटून घेतलं. बाकी सगळं त्याने पहिल्याच खेपेला बरोबर केलं. दार, खुर्ची, नजर, आवाज. त्यामुळे त्याला शिकवायला काही उरलं नाही. असे उमेदवार धोक्याचे असतात, असं शिबिरात सांगितलं होतं. त्यांना वाटतं, आपल्याला येतं.

रविंद्र हा प्रज्ञाचा भाऊ. प्रज्ञा माझ्या ऑफिसात फोन आणि टायपिंग सांभाळते. वडील पोपटराव अवसरी बुद्रुकला सायकली आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. रविंद्रने आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केला आहे. त्याला लेथवर काम हवंय. मी सांगितलं, चाकणच्या कंपनीत आधी खोकी भरायची. एक वर्ष सलग भरलं की कंपनी कायम करणार, कायम झालं की मशीन. त्याने विचारलं, "नक्की ना?" मी म्हणालो, नक्की हा शब्द कमकुवत मनाची माणसं वापरतात.

"तरी पण नक्की ना, सर?"

"नक्की."

माझंही तसंच आहे. हे बारा जण वर्षभर टिकले तर कंपनी सगळ्या भरतीचं कंत्राट मला देणार. नाही टिकले तर काय, ते मी लिहीत नाही. शिबिरात तशी बंदी आहे.

बायकोने, आरतीने, लिहिण्यासारखं एक वाक्य आज पुन्हा ऐकवलं. "दूध संघातली स्वतःची कायम नोकरी सोडून लोकांना कायम करायला निघालेत."


६ जुलै

अवसरीला धर्माजींच्या वस्तीवर गेलो. भिका त्यांचा थोरला, जानकू धाकटा, कुशाबा पुतण्या. घरात कुणी नव्हतं. सगळे शेजारच्या वावरात बटाटा लावत होते. शेजाऱ्यांची माणसं काल यांच्यात होती. याला इकडे सावड म्हणतात. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. करार नाही, लिखापढी नाही. कुणाकडून कोण आला ते कुणी बघत नाही. घरातून माणूस आला की झालं. अशा लोकांना मला कमिटमेंट शिकवायची आहे.

धर्माजी बांधावर आले. मी उभ्यानेच समजावलं.

"रोज माणूस गेला पाहिजे, धर्माजी. सण असो, पाऊस असो, पाहुणे येवोत. एक दिवस चुकला की वर्ष मोडलं."

"रोज म्हंजी गुरुवार सोडून ना?"

"गुरुवारी कंपनीला सुट्टी असते."

"मग काय अडचन हाय. आमच्या घरातनं रोज मानूस जाईल. शब्द दिला."

"भिका जाईल ना?"

"ते आमचं आमी बघतो राव. तुमाला मानूस मिळाल्याशी मतलब."

इतका स्वच्छ होकार मला आजपर्यंत कुणी दिलेला नाही. बारांपैकी अकरा घरांत असाच होकार मिळाला. पोपटराव तेवढे म्हणाले, "रविंद्रला विचारा. जायचंय त्याला." वडिलांनी जबाबदारी झटकणं मला बरं वाटलं नाही.


१४ जुलै

बॅच रुजू झाली. पहाटे अवसरी फाट्यावर कंपनीची बस आली. प्रत्येकाला पितळेचं टोकन मिळालं, त्यावर नंबर. सकाळी गेटवरच्या फळीवर आपल्या नंबरच्या खिळ्याला टोकन अडकवायचं, संध्याकाळी काढून न्यायचं. टोकन खिळ्यावर म्हणजे माणूस आत. कंत्राटी माणसांसाठी फोटोबिटो नाही. भिका सात नंबर, रविंद्र बारा.

बस सुटल्यावर मी फाट्यावर एकटाच होतो. टपरीवाल्याने विचारलं, "कुणाचं वऱ्हाड?"


२ ऑगस्ट

कंपनीतून सुपरवायझर शितोळ्यांचा फोन. प्रज्ञाने नियमाप्रमाणे तिसऱ्या रिंगला उचलला. हसून उचलायचा असतो, त्यासाठी फोनसमोर आरसा टांगला आहे. ती आरशात बघते, पण हसत नाही. बोलावं लागेल.

शितोळे म्हणाले, तीन आठवड्यांत एकही खाडा नाही. त्यांनी असं कधी पाहिलेलं नाही. दुसऱ्या एजन्सीची माणसं पोळा, पंचमी, जत्रा काढून निम्मी गायब असतात. "तुम्ही यांना करता काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "मानसिकता."

फक्त बारा नंबर दोनदा उशिरा आला. सायकलची चेन तुटली, असं रविंद्रने सांगितलं. सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या मुलाची. कारणं देण्याची ही सवय मुळातून काढावी लागेल.


२३ ऑगस्ट

शितोळ्यांचा फोन. तक्रार नाही, नवल.

"तुमचा सात नंबर मागच्या आठवड्यात डाव्या हाताने खोक्याला चिकटपट्टी लावत होता. या आठवड्यात उजव्याने लावतोय. आणि दोन्हीकडून सारख्याच वेगात."

मी म्हणालो, दोन्ही हातांचा वापर आम्ही शिकवतो. शिकवत नाही. पण शिबिराच्या फाइलमध्ये मेंदूच्या दोन अर्ध्या भागांवर एक पान आहे, त्याचा परिणाम झाला असणार.

"उंचीही वाढल्यासारखी वाटते."

"आत्मविश्वास आला की माणूस ताठ उभा राहतो."

"मिशा?"

"व्यक्तिमत्त्व विकास," मी म्हणालो.

  


१९ सप्टेंबर

आज धक्का बसला. मार्केट यार्डात भिका दिसला. बटाट्याच्या गोण्यांवर बसून भेळ खात होता. कामाच्या दिवशी, भर अकरा वाजता.

"भिका, तू इथे कसा?"

"माल आनलाय. या, भेळ घ्या."

"कंपनी?"

"कंपनीचं चालू हाय की तिकडं. हजेरी लागली असंल, काळजी करू नका सर."

धावत ऑफिसला आलो. प्रज्ञाला बाजूला करून मीच फोन लावला. गेटवरच्या माणसाने फळी बघून सांगितलं, "टोकन सात हजर."

खुर्चीत बसलो. नंतर उलगडा झाला. बाजार सकाळी उरकून तो नंतर गेला असणार किंवा आधी जाऊन आला असणार. घरचं आणि कंपनीचं एकाच दिवशी आणि एकही चुकू न देता. पुण्यात यालाच टाइम मॅनेजमेंट म्हणतात आणि त्यावर वेगळं शिबिर आहे. हा शिबिराशिवाय शिकला. मी दिलेल्या पायावर, अर्थात.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

रविंद्रला तापामुळे शितोळ्यांनी काल दुपारी घरी पाठवलं. अंगात ताप असताना तो गेला कशाला, हा एक प्रश्न. गेला तर तिथे ताप दिसू कसा दिला, हा दुसरा. कंपनीने अर्धा दिवस माफ केला, वर्ष मोडलं नाही. पण बाकीच्या अकरा जणांना तीन महिन्यांत साधं पडसं झालेलं नाही. आजार मनातून येतो, असं शिबिरात सप्रमाण सांगितलं होतं. पुरावा माझ्यासमोर आहे.

आज सुट्टी म्हणून त्याला वेगळ्या प्रशिक्षणाला बोलावलं. शाल गुंडाळून बसला होता. डोळे मिटून यशस्वी माणसाचं चित्र डोळ्यांसमोर आण, म्हटलं.

"काय दिसतं?"

"लेथ."

"लेथ नको. स्वतःला बघ. कसा दिसतोस?"

"लेथसमोर उभा आहे."

"टाय आहे का गळ्यात?"

"लेथवर टाय घालत नाहीत सर. अडकतो."

नकारात्मकता खोल आहे. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन मशीन शॉपच्या जाळीपाशी उभा राहतो आणि आतले लेथ बघत जेवतो, असं शितोळे म्हणाले होते. बाकीचे गोल करून हसत खेळत जेवतात. टीम स्पिरिट नाही.

तो गेल्यावर प्रज्ञा म्हणाली, "बाकीचे अकरा जण आजारी का पडत नाहीत, हे कुणी विचारलंय का सर?"

"विचारायचं कशाला? चांगल्या गोष्टीला कारण विचारलं की ती थांबते."

"हेही फाइलमध्ये आहे?"

"नाही. हे माझं आहे."

"तरीच," ती म्हणाली आणि टाइप करायला लागली.


११ नोव्हेंबर

काही नाही. आरसा पडून फुटला. नवा आणला.


९ जानेवारी २००४

कंपनीचे एच.आर. मॅनेजर बत्रा साहेब यांचा स्वतःचा फोन. सव्वीस जानेवारीला कॅन्टीनमध्ये समारंभ आहे, बक्षीस 'सर्वोत्तम हजेरी', मानकरी टोकन सात. घरच्यांनाही बोलावलंय. आणि मी दोन शब्द बोलायचे. "आपका फॉर्म्युला बताइए सबको," ते म्हणाले.

आरतीला सांगितलं. ती म्हणाली, "ज्याला बक्षीस आहे त्याला सांगितलंत का आधी?"

अवसरीला जाऊन धर्माजींना सांगितलं. सगळं घर खूश. धर्माजींनी विचारलं, "मग सगळ्यांनी यायचं का?" मी म्हणालो, सगळ्यांनी. आज मला या माणसांबद्दल खरंच प्रेम वाटलं. वर्ष भरायला सहा महिने राहिलेत. पण मनाने मी कंत्राटावर सही करून मोकळा झालोय.


२६ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

झेंडावंदन झालं. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. माझं भाषण आधी झालं. विषय: 'माणूस बदलत नाही, त्याला बदलावं लागतं.' टाळ्या पडल्या. मग बत्रा साहेबांनी पुकारलं, "टोकन नंबर सात."

भिका उठला. त्याच्या मागोमाग जानकू उठला. पलीकडच्या रांगेतून कुशाबा उठला. तिघं स्टेजवर आले. तिघांच्याही पायात चपला होत्या, हे मी पाहिलं. मी शिकवलेलं तेवढं लक्षात राहिलेलं.

बत्रा साहेबांना वाटलं, भाऊ हारतुऱ्याला आले असतील. त्यांनी विचारलं, "इनमें से भिका कौन?"

"मी," भिका म्हणाला. "पर बक्षीस टोकनाला हाय ना, मग तिघांचं की."

घड्याळाची पेटी एकच होती. भिकाने ती जानकूकडे दिली. "सुगीत जास्त ह्योच आला," तो म्हणाला.

तेवढ्यात धर्माजी पुढे येऊन माइकजवळ उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण समारंभात घरच्या कर्त्याने दोन शब्द बोलायचे असतात. ते म्हणाले, "आमी गेनभाऊंना शब्द दिला व्हता, रोज घरातनं मानूस जाईल. भिकाला वावरात काम निघालं तर जानकू, जानकूला निघालं तर कुशाबा. तिघं बी अडकले तर शेजारचं कोन तरी, त्यांच्या टोकनाला आमचं कोन तरी. सावडीनं केलं. एक दिस चुकवला न्हाई. कंपनीनं मान दिला, लई बरं वाटलं."

बाकीच्या घरांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून. मागच्या दोन रांगांत मला असे चेहरे दिसले जे मी कधी पाहिलेले नव्हते आणि ते सगळे माझे उमेदवार होते.

शितोळे भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. बत्रा साहेब हसले नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "कितने टोकन ऐसे हैं?"

मला माहीत नव्हतं. रविंद्र शेवटच्या रांगेत बसला होता. तो म्हणाला, "अकरा."


२७ जानेवारी

ऑफिस उघडलं नाही. रविंद्रला कामावरून येताना फाट्यावर गाठलं.

"तुला माहीत होतं?"

"बसमध्ये रोज चेहरे बदलतात, सर. मी त्याच बसने जातो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं नाहीत. प्रशिक्षणाला बोलावलंत, तेव्हा वाटलं विचाराल. तुम्ही टायचं विचारलंत."

"स्वतः येऊन सांगायचं."

"आणि मग गावात राहायचं कुठं?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "ते जाऊ द्या. सहा महिने माझे मी भरलेत. ते तर खरे आहेत ना? माझं वर्ष मोडत नाही ना?"

मी म्हणालो, बघू.


२८ जानेवारी

धर्माजींकडे जाऊन आलो. तुम्ही मला फसवलंत, असं म्हणायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी ते ऐकून घेतलं, मग विचारलं, "मानूस चुकला का एक दिस?"

"माणूस चुकला नाही. पण भिका चुकला."

"भिकाचं काय एवढं? त्यो काय कलेक्टर हाय? खोकी भरायची. जानकूनं कमी भरली का?"

 फाइल काढून पाहिली. त्यात या प्रश्नाचं पान नाही. लंकाबाईंनी, म्हणजे भिकाच्या आईने, चहा दिला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या कुनाच्या घरचं येवढं नीट व्हतं का सांगा? उगा तोंड पाडून बसलाय."

दूध संघातली माझी जागा भरली गेली का, ते विचारून घ्यावं. आरतीला कळू न देता.


३१ जानेवारी

चाकणला बत्रा साहेबांच्या केबिनमध्ये दोन तास. दारात माझीच चप्पल काढली गेली. परत फिरून घातली.

माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं. ते असं म्हणाले (हिंदीत, मी मराठीत लिहितो): बारा जणांचं वर्ष सलग भरलं असतं तर बारा जण कायम करावे लागले असते. शब्द दिला होता, वरच्या लोकांनी. आता अकरा जणांचं वर्ष मोडलंच आहे. काम मात्र एक दिवसही अडलेलं नाही. हे तुम्हाला सुचलं कसं?

मी गप्प राहिलो. शिबिरात शिकवलं आहे की गप्प राहणं हीही एक वाटाघाट असते.

"ब्रिलियंट," ते म्हणाले.

मी म्हणालो, "बरीच वर्षं डोक्यात होतं."

कंत्राट मिळालं. बारा नाही, शंभर टोकनं. प्रत्येक टोकनामागे किमान तीन माणसं, सारखी बदलती. योजनेला नाव त्यांनीच दिलं: टीम टोकन. अट एकच. कुणीही एकटा सलग येता कामा नये.

परतीच्या एसटीत हसू आवरत नव्हतं. घाबरत होतो ते सगळं खोटं ठरलं. अडचण ही वेष बदलून आलेली संधी असते, हे पहिल्या दिवशीचं पहिलं वाक्य होतं. राजगुरुनगरच्या पुढे एकदा रविंद्रची आठवण झाली. त्याचं काहीतरी करू.


३ फेब्रुवारी

पुण्याच्या ट्रेनरना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या शिबिरात यशोगाथा म्हणून तुम्ही या. बोलायचे पैसे मिळत नाहीत, शिबिराची फी मात्र भरावी लागते. हो म्हणालो.

प्रज्ञाला पत्रक टाइप करायला दिलं. 'टीम टोकन: एका गावाची शिस्त, एका विचाराची क्रांती.' तिने टाइप केलं, एकही चूक नाही. कागद देताना म्हणाली, "ही योजना ऑफिसलाही लागू आहे का, सर? तुमच्या खुर्चीवर आठवड्यातले दोन दिवस दुसरं कुणी बसेल?"

सूचना चांगली आहे, पण खुर्चीचं काम जबाबदारीचं असतं. तसं सांगितलं.

"लेथचंही असतं," ती म्हणाली.


८ फेब्रुवारी

आज रविंद्रचा प्रश्न मिटवला. निदान मी माझ्या बाजूने.

त्याला आणि धर्माजींना दोघांनाही ऑफिसात बोलावलं. बारा नंबरच्या टोकनावर एकटाच माणूस आहे, असं चालणार नाही, कंपनीची अट आहे, हे समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे माझं वर्ष भरायला लागलं म्हणून मला काढताय."

"काढत कोण आहे? वाटून घ्यायचंय. धर्माजींचं घर तयार आहे. आठवड्यातले तीन दिवस तू, तीन दिवस त्यांच्यातला कुणी."

"आणि कायम?"

"कायम या शब्दात माणूस अडकून पडतो, रविंद्र. मी स्वतः कायम होतो."

"म्हणून तर सोडता आलं तुम्हाला."

धर्माजी मधे पडले. माणूस मनाचा चांगला आहे. म्हणाले, "हे बघ पोरा, सावड कर आमच्याशी. तीन दिस भिका जाईल तुझ्या टोकनावर, ते तीन दिस तू आमच्या वावरात ये. कांदा काढायला आलाय. कुनाचं काम अडायचं न्हाई."

"आणि माझ्या वावरात कोण येणार, अण्णा?"

"तुझं वावर कुठंय?"

"नाही ना."

"मग तुझ्याकडं कुनी कशाला येईल राव? काम असंल तर मानूस येतो."

"इतकी वर्षं गावात सावड चालली," रविंद्र म्हणाला. "आमच्या घराला कधी बोलावलं नाहीत. आता टोकन आलं हातात, तर बोलावताय."

धर्माजींना काही कळलं नाही. मलाही हा विषय इथे कुठून आला ते कळलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धर्माजी म्हणाले, "आता बोलवलं तरी राग, न्हाई बोलवलं तरी राग."

रविंद्रने खिशातून टोकन काढलं. पितळ घासून चकचकीत केलेलं होतं, बाकीच्यांची काळी पडली आहेत. टेबलावर ठेवलं. आपटलं नाही. मग मी शिकवलं होतं अगदी तसा उठला, खुर्ची मागे सरकवली, नजरेला नजर दिली.

"जय भीम, सर," तो म्हणाला आणि दार व्यवस्थित लावून गेला.

सात महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर नेमकं तेवढंच विसरला. पण राग ओसरला की उद्या वावरात जाईल. एवढी चांगली संधी समोर असताना माणूस घरी बसत नाही. धर्माजींनी टोकन उचलून बंडीच्या खिशात टाकलं. प्रज्ञा टाइपरायटरवर कापड घालत होती. सहा वाजायला अवकाश होता, पण मी जाऊ दिलं. आज मन मोठं होतं.


९ फेब्रुवारी

सकाळी सहाची बस वेळेवर आली. बारा नंबरवर भिका गेला, सातवर कुशाबा. प्रज्ञाने ऑफिसची किल्ली खताच्या दुकानात ठेवलेली होती. उघडलं. दहाच्या सुमारास फोन वाजला. प्रज्ञा आली नव्हती, म्हणून तिसऱ्या रिंगला मी उचलला, आरशात बघून, हसून. धर्माजी होते. रविंद्र कांद्याला आला नाही, त्याच्या बदली मानूस पाठवा, म्हणाले.